शिवेपलीकडचा गोमाबाबा

गोमाबाबा चिमूटभर तंबाखू मागायचा, तीसुद्धा शिवेच्या दगडापलीकडून. मी वाकून त्याच्या तळहातावर ठेवायचो. "मास्तर, पाय आत पडला तर गावाची रीत मोडंल," असं म्हणून तो हसायचा. मला त्या हसण्याची भीती वाटे.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या महादेव कोळ्यांच्या गावात मी शाळामास्तर होतो. मी श्रीरामपूरकडचा ख्रिस्ती. वाघाला देव मानणं मला पटत नसे. पण डोंगरात राहून वाघोबाशी वैर कोण करणार? दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला मीही मुकाट्यानं खीर खायला जायचो. नैवेद्य झाला की एकजण वाघ व्हायचा. बाकीचे काठ्या घेऊन त्याला शिवेबाहेर हाकलायचे आणि गावचे कारभारी ओरडून विचारायचे, "आमच्या शिवंत येशील का?" "न्हाई येनार!" म्हटलं की वाघ संपला. मग तो माणूस परत येऊन खिरीवर तुटून पडायचा. हा वाघ दरसाल गोमाबाबाच व्हायचा.

एका पावसाळ्यात गुरं राखणाऱ्या त्याच्या लेकीला, चांगुणाला, बिबट्या वाघानं उचललं. हाती लागलं ते तिचं इरलं. औंदा वाघ होऊ नको, असं सगळ्यांनी गोमाबाबाला विनवलं. "माजा मान हाय," एवढंच तो म्हणाला आणि रांगत शिवेबाहेर गेला. कारभाऱ्यांनी विचारलं. तो हळूच म्हणाला, "येईन."

कुणी हसलं नाही. 'नाही' म्हणेपर्यंत वाघाला आत घ्यायचं कसं? गोमाबाबा बाहेरच राहिला, कारवीचं खोपट घालून.

असं का बोललास, म्हणून मी एकदा विचारलं. तंबाखू मळता मळता तो म्हणाला, "माजी लेक त्याच्या पोटात हाय, मास्तर. वाघ न्हाई येनार म्हनला, तर तीबी न्हाई येनार. तिला घरला येऊ नगं म्हनू?" त्या दिवशी मी प्रार्थना केली ती कुणासाठी, हे माझं मलाच उमगलं नाही.

गावानं त्याला टाकलं नाही. प्रत्येक सणाचा त्याचा वाटा दगडावर ठेवला जाई. त्याची बायको ठकूबाई रोज भाकरी पोचवून घरी परतायची. दर वाघबारशीला कारभारी पुन्हा विचारत आणि ती पुढं होऊन म्हणे, "म्हना की न्हाई! घर खायाला उठतंय मला." गोमाबाबाचे डोळे भरून येत. तोंडातून मात्र तेच येई, "येईन."

पुढे ठकूबाई हिवतापानं गेली. "त्यो आत येत न्हाई, तर आपुन तिला भाईर नेऊ," कारभारी म्हणाले. गावानं तिला खांद्यावर घेऊन शीव ओलांडली आणि खोपटाशेजारी माती दिली. तो रडला नाही. जमिनीला कान लावून बसून राहिला.

त्या वर्षीच्या वाघबारशीला कारभाऱ्यांनी पुन्हा विचारलं. "आमच्या शिवंत येशील का?"

"आता कशाला येऊ? आय हितंच आली की."

तोंड गोमाबाबाचं, पण आवाज कोवळा होता, पोरीचा. बायांनी तोंडाला पदर लावले. मी तर डोळेच मिटून घेतले.

पण 'नाही' झालं होतं. कारभाऱ्यांनी दगडावरून हात पुढे केला. "गोमा, सुटलास बाबा. चल घरला."

गोमाबाबानं त्या हाताकडे पाहिलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "तुमी जावा, कारभारी. माज्या घरची समदी हितंच हायती."