रात्सिंबाने तोंड उघडलं नाही

गावात फावड्याचा दांडा मोडला की माणूस रात्सिंबाकडे जायचा. तो हाराहाराच्या लाकडाचा दांडा घडवायचा. त्या झाडाला पानं अशी नसतातच, चपट्या हिरव्या फांद्याच पानांचं काम करतात. लाकूड मात्र असं, की कुऱ्हाडीची धार बोथट होते. बापाने घेतलेला दांडा पुढे मुलगा वापरायचा.

ती झाडं दोन ओढ्यांपलीकडे, एका उतारावर होती. वर्षाला दोनच तोडायची, हा रात्सिंबाचा शिरस्ता. जागा त्याने बायकोला, नोएलीनलाही सांगितली नव्हती. फारालाहीला सांगितली, कारण तरुणपणी दोघांनी छातीवर काप घेऊन आल्याच्या तुकड्यावरून एकमेकांचं रक्त खाल्लं होतं. आमच्यात हे नातं सख्ख्या भावाच्याही वरचं.

रात्सिंबाचा गुडघा धरला तेव्हा तो फारालाहीला म्हणाला, "यंदा तू जा. दोनच आण."

लावणी जवळ आली तरी लाकूड येईना, म्हणून तो लंगडत स्वतःच गेला. उतारावर नुसते बुंधे उरले होते. किनाऱ्यावरच्या कुणा व्यापाऱ्याने खांबांसाठी सगळी झाडं नेली होती, हे मागाहून कळलं.

तो थेट फारालाहीच्या दारात उभा राहिला. "उतार कोणाला दाखवलास?"

"लाकडंच ती. पुन्हा वाढतील."

"तुझ्या नातवाला तरी दिसतील का?"

"माझ्यावर कशाला चिडतोस? मला जागा कोणी दाखवली? तूच ना?"

गावच्या जंगलातली झाडं गेली, म्हणून पंचांनी गाव गोळा केलं. सगळ्यांसमोर फारालाही म्हणाला, "मी रात्सिंबाच्या सांगण्यावरून गेलो." सगळे रात्सिंबाकडे बघत होते. तो मान खाली घालून बसून राहिला. पंचांनी त्याला जंगलात पाऊल टाकायची बंदी केली.

मी त्याचा पुतण्या; परतताना चिडून विचारलं, "काका, बोलला का नाहीत?"

"रक्त खाताना शपथ घेतली होती. भावाविरुद्ध चारचौघांत बोलणार नाही."

"त्यानेही घेतलीच होती ना?"

"हो," म्हणाला.

आता तो निलगिरीचे दांडे करतो. दोन हंगामांत मोडतात आणि लोक त्यालाच बोल लावतात. गेल्या वर्षी फारालाहीच्या मुलाचं लग्न झालं. नोएलीनने तिथे पाय ठेवायला साफ नकार दिला. रात्सिंबा गेला. भावाच्या मानाच्या जागेवर बसला, वधूवरांना आशीर्वाद दिला. पुढ्यातल्या भाताला मात्र हात लावला नाही. फारालाही सगळ्यांदेखत दोनदा "घे ना" म्हणाला, तरी नाही.