सईचा अडकलेला सुळा आणि देवाला विचारलेला प्रश्न

आज घडलं ते असं:

१. मी दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. सकाळी माझ्या बारा वर्षांच्या पुतणीचा, सईचा, काढला.
२. तिचा कायमचा सुळा हाडात आडवा अडकलाय आणि पुढच्या दाताचं मूळ झिजवतोय.
३. डॉक्टर म्हणाले, त्याच जागचा दुधाचा सुळा लवकर काढा, म्हणजे कायमच्याला कदाचित वाट मिळेल.
४. दुपारी दादाने, म्हणजे सईच्या बाबाने, गावच्या देवळात कौल लावला, मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाला विचारलं. डावीकडची पाकळी आधी पडली, म्हणजे नकार.

"देवान नाय म्हटल्यान. इषय संपलो," दादा फोनवर म्हणाला.

"गाऱ्हाण्यात देवाला नेमकं काय विचारलंस?"

"चेडवाचो कायमचो दात काढूचो काय, म्हणान."

पण कायमचा दात काढायचा नाहीच, तो वाचवायचा आहे! देवाने नकार दिला तो बरोबरच दिला, प्रश्न चुकला होता. हे सांगितलं तर म्हणतो, "आता देवाकय शिकवतलंस?"

मागून सईचा आवाज आला, "आत्ये, माझो पुढचो दात पडतलो काय गो?" झिजलेलं मूळ परत वाढत नाही.

खूप विनवण्या केल्यावर दादा सोमवारी पुन्हा कौल लावायला तयार झालाय. पण त्याआधी त्याला मुलाचा दुधाचा सुळा असा काढून घेतलेल्या पालकाशी बोलायचंय. माझं त्याला पटत नाही. दवाखान्यातल्या पेशंटची नावं मी देऊ शकत नाही, म्हणून इथे विचारते.

तुमच्या मुलाचा सुळा असा अडकला होता का? दादाशी मालवणीत बोलाल का? कृपया रविवारपर्यंत कळवा.