विरोधात कोण बोलतंय?

लोकशाहीवर प्रेम करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण घरात वांगी शिजवायची की पुंडीची भाजी, याचा निकाल चिठ्ठ्या टाकून लावणारा माणूस माझ्या सासऱ्यांखेरीज दुसरा झाला नसेल. भालकी तालुक्यातल्या मेहकरला ते मराठी शाळेत मास्तर होते. जन्म निजामाच्या राज्यात, नोकरीची सुरुवात हैदराबाद राज्यात आणि मग राहत्या घरातून पाऊलही न उचलता एका सकाळी म्हैसूर राज्यात, असा त्यांचा प्रवास. "तीन राज्यं बदलली, मला एकदाबी कुणी इचारलं न्हाई," असं ते म्हणत. बहुधा त्याचाच वचपा म्हणून पुढं ते जो भेटेल त्याला सगळंच विचारत राहिले.

नुसत्या मतांनी त्यांचं भागत नसे. एकमत झालं की त्यांना संशय येई. "विरोधात कोण बोलतंय?" असं विचारून ते सगळ्यांकडे पाहत, आणि कुणीच तोंड उघडलं नाही तर एखाद्याला नेमून टाकत. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी सगळ्यांना पसंत पडल्याचं दिसताच त्यांनी धाकट्या भावाला माझ्याविरुद्ध बोलायला उभं केलं. त्या गृहस्थांनी माझा जाड चष्मा, गुलबर्ग्यातली माझी हंगामी कारकुनी आणि माझी चहा फुरके मारत पिण्याची रीत यांवर असं काही भाषण केलं, की अशा माणसाला मुलगी देऊ नये असं मलाही वाटू लागलं. मग चिठ्ठ्या पडल्या आणि मी पाच विरुद्ध तीन मतांनी जावई झालो. त्या तिघांत आपण होतो, हे सासूबाईंनी लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता सांगून टाकलं.

त्यांच्या ओसरीवर शाळेतला एक टाकून दिलेला जगाचा नकाशा होता. एखाद्या देशात लोकांना मत मिळालं की ते त्यावर कुंकवाचं बोट टेकवत. कुठं लष्करानं सत्ता घेतली की ओल्या फडक्यानं ते पुसत आणि तीन दिवस दाढी करत नसत. शेजारीपाजारी विचारत, तेव्हा सासूबाई शांतपणे सांगत, "कुठला तरी देश गेलाय." देश कसे जातात याबद्दल त्यांचं स्वतःचं मत होतं. "बंदूक मागून येती, जावईबापू. आधी लोकास्नी कंटाळा येतो. चांगला माणूस गावला की ते म्हंतात, आता ह्योच असू द्या, पुन्ना पुन्ना कामून इचारायलाव? तिथंच इस्कोट होतो." आणीबाणी आली तेव्हा त्यांनी आपल्याच देशासाठी दाढी वाढू दिली, ती चांगली छातीवर आली. तपासणीला आलेल्या साहेबानं कारण विचारलं, तर सरकारी नोकर असल्यामुळे त्यांनी कातडीचा विकार सांगितला. दोघीचौघी बायका मात्र त्यांना महाराज समजून पाया पडून गेल्या.

आता खरी गोष्ट. गावात त्यांनी एका खोलीचं वाचनालय काढलं होतं. उदगीरहून येणाऱ्या बसनं मराठी वर्तमानपत्रं येत, ती शिळी असली तरी गाव चवीनं वाची. अध्यक्ष दोन वर्षांसाठी, निवड चिठ्ठ्यांनी आणि उमेदवार किमान दोन, हे नियम त्यांनीच भिंतीवर लिहिले होते. सुरुवातीला ते आपल्या विरोधात स्वतःच माणूस उभा करत आणि त्याचा प्रचारही करत. पुढं लोकांना ते पाहवेना. एवढा सज्जन माणूस, मास्तरांविरुद्ध उभं राहणं बरं दिसत नाही, असं ठरून त्यांना बिनविरोध निवडलं गेलं. हे घडलं ते नेमकं दाढी छातीवर असताना. त्यांनी हरकत घेतली नाही. मला म्हणाले, "बाहीर वातावरण बरं न्हाई. सध्या घरात वाद कशाला?" त्यानंतर आठ वर्षं तसंच चालत राहिलं. दर खेपेला मीही मेहकरला जाऊन टाळ्या वाजवत असे. सासऱ्यांशी कोण वाद घालणार?

माझी मेव्हणी तोवर त्याच शाळेत शिक्षिका झाली होती. एकदा माझ्यासमोरच ती म्हणाली, "अप्पा, नोकरीच्या जाहिराती कन्नड पेपरात येतात. आपल्याकडं एकबी कन्नड पेपर न्हाई. पोरं आता वाचनालयात येईनात."

"सभासदांना नको हाय."

"इचारलाव का त्यांना?"

"मला ठाव हाय त्यांचं मत."

 दुसऱ्या दिवशी मेव्हणीनं अध्यक्षपदासाठी अर्ज भरला. अप्पा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. ते मोजणीत पडले, आणि चांगले पडले. घरी येऊन ताटावर बसले, घास हातातच ठेवून त्यांनी सासूबाईंना विचारलं, "तू कुणाला दिलीस चिठ्ठी?"

"चिठ्ठी गुपित असती. तुम्हीच शिकिवलाव."

 अप्पा म्हणाले, "बराबर हाय," आणि जेवले.

त्यानंतर दर दोन वर्षांनी ते पोरीविरुद्ध उभे राहिले आणि दर वेळी हरले. सभेत ते तिच्या कारभाराची अशी सालटी काढत, की दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून कपाटं झाडायला लागे. वाचनालय पुन्हा भरलं. कन्नड पेपर घ्यायला सकाळी पोरांची झुंबड उडे, आणि अप्पा बाकावर बसून आपल्या पाळीची वाट पाहत. त्यांना इतकं खूष मी कधी पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. गेल्या महिन्यात मेव्हणी गुलबर्ग्याला आमच्याकडे आली ती जरा उतरलेल्या चेहऱ्यानं. "दाजी, औंदा कुणी उभंच राहीना. सगळे म्हणायलेत, बाई चांगलं करायल्यात, उगं कशाला?"

"मग बरंच आहे की," मी म्हणालो. "चांगलं चाललंय तर कशाला वाद?"

तिनं अगदी अप्पांसारखं माझ्याकडे पाहिलं. आधी लोकांना कंटाळा येतो, हे त्यांचं बोलणं मला आठवलं. ती गेल्यावर मी बायकोला म्हणालो, मेहकरच्या वाचनालयाचा सभासद मीही आहे, अर्ज भरायला हवा. ती म्हणाली, "भरा की. पण भर सभेत तिच्या विरोधात बोलणं जमल का तुम्हाला?"

सभा येत्या रविवारी आहे. अर्ज आणून ठेवलाय. मी अजून विचारच करतो आहे.