वैतरणेकाठी मी धुतलेल्या गोधड्या

तुडुंब नदीच्या काठावर राहणाऱ्या बाईच्या घरात प्यायला पाणी नसतं, हे मला कोणी का सांगितलं नाही? नातीनं नाही, कंडक्टरनं नाही, आणि "तिकडं काय, पाणीच पाणी" म्हणणाऱ्या आमच्या गल्लीतल्या शहाण्यांनी तर नाहीच नाही. सांगितलं असतं तर परमुलखात माझी मान खाली गेली नसती.

आता नमस्कार. मी मुखेडकडची, चौथी शिकलेली. हा ब्लॉग माझ्या नातीचा, करुणाचा. ती म्हणाली, "आजी, वैतरणेच्या खाडीवर तूच लिही, लोक विचारून राहिलेत." लिहिते. झालं तसं लिहिते.

करुणा नर्स आहे. पालघर नवा जिल्हा झाला, जागा निघाल्या, त्यात तिचं नाव लागलं. नव्या जिल्ह्याच्या गप्पा आमच्याकडंही चालतात, पण आमच्या वाट्याला त्या साली आला तो दुष्काळ. टँकरच्या पाण्यातून मी तांब्याभर घेऊन अंघोळ करायची, तेच परातीत धरून फडकी धुवायची आणि उरलेलं शेवग्याच्या बुडाला ओतायची. करुणा म्हणाली, "चार दिवस माझ्याकडं ये, नदी बघ." गेले.

मुखेडहून एसटीनं नांदेड, तिथून रात्रभराची रेल्वे, दादरला गाडी बदलून सफाळे. पुढं दातिवऱ्याकडची एसटी. गाड्या मोजक्याच आहेत, परतीची वेळ उतरतानाच विचारून घ्या. करुणा राहते तो पाडा वाटेतच लागतो. घरात पिशवी टेकवायच्या आधी तिनं मला खाडीवर नेलं.

"ही वैतरणा," ती म्हणाली.

"मेल्यावर लागते ती?"

"नाव तेच आहे म्हणतात."

"मग आपली ती छप्पन सालीच सुटली." सासऱ्यांनी बाबासाहेबांच्या मागं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा वैतरणी, गाईचं शेपूट, सगळं मागं टाकून आलो होतो. पण ते पाणी पाहून माझे पाय हलेनात. पलीकडचा काठ धूसर दिसावा एवढं पाणी, आणि त्याच्यावर भांडायला एकही बाई उभी नाही.

करुणाची घरमालकीण कमळीबाय मासे विकते. जिभेनं माझ्यासारखीच. ताटात तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढून करुणाला म्हणाली, "ज्वारीवर वाढलेली आजी हाय, काटे काढून दे गो तिला."

दुसऱ्या दिवशी करुणा घाईनं ड्यूटीवर गेली, कमळीबाय टोपली घेऊन बाजाराला. पडवीत दोन निळे ड्रम, काठोकाठ. चाखून पाहिलं, गोड. म्हटलं, नदीचंच असणार. मग डोक्यावरून तांब्यामागून तांब्या घेतला, दोन वर्षांची अंघोळ एका दमात केली. पुढं वाटलं, आयतं खाऊन राहिलो, काही कामाला हात लावावा. गोधड्या काढून धुतल्या, पडवी धुतली, अंगणात सडा टाकला. दुसऱ्या ड्रमचा तळ दिसला तेव्हा मी गाणं गुणगुणत होते.

कमळीबाय आली. टोपली उतरवली, दोरीवर पाहिलं, ड्रममध्ये पाहिलं.

"आजी, गोधड्या तुम्ही धुतल्या?"

"हाव. लई मळल्या होत्या. बादली दे, ड्रम भरून टाकते. नदी काय लांब हाय?"

तिनं रिकाम्या ड्रमवर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "आजी, खाडीचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाय, बाळ कसं न्हाणार?"

तिची बाळंतीण लेक त्याच संध्याकाळी दवाखान्यातून घरी येणार होती. उन्हाळ्यात नळ कधीतरीच येतो. ते दोन ड्रम तिनं लेकीसाठी राखले होते.

"असू दे. गोधड्या कधीच्या धुवायच्या होत्या," म्हणून तिनं हंडा उचलला. शिवी दिली असती तर मी परत दिली असती आणि फिट्टंफाट झाली असती. ती नुसती चालायला लागली. मी दुसरा हंडा घेऊन तिच्या मागं.

वरच्या आळीत विहीर, तळाला पाणी, वर बायांची रांग.

"कमळे, पाहुणी कुठली गो?"

"लातूर-नांदेडकडची."

"तिकडचं संपवून इकडं आली होय?"

सगळ्या हसल्या. कमळीबाय हसली नाही. मी एकाला चार ऐकवणारी, पण तोंड उघडलं नाही. लहानपणी आमच्या गावच्या विहिरीला आम्हाला शिवू देत नव्हते. आई घागर खाली ठेवून उभी राहायची, कोणी वरून ओतलं तर पाणी. तेव्हा लाज ओतणाऱ्यांची होती. इथं मला कोणी जात विचारली नाही, म्हातारी म्हणून रांगेत पुढं घेतलं. इथली लाज सगळी माझी.

संध्याकाळी लेक आली. कमळीबायनं बाळ माझ्या हातात दिलं. "आजी, तुम्हीच न्हाऊ घाला. थोडक्या पाण्यात कसं करायचं ते तुम्हाला येतं." टोमणा होता की मान, मला अजून कळलेलं नाही. पाय लांब करून बाळ पायांवर घेतलं, जपून जपून न्हाऊ घातलं, खाली परात ठेवली.

दुसऱ्या दिवशी करुणानं होडी ठरवली. पैसे आधी बोलून घ्या आणि भरती-ओहोटी होडीवाल्यालाच विचारा. आमच्या होडीवाल्यानं मला पाहताच विचारलं, "आजी, खाडी धुवायची राहिली का?"

बातमी पोचली होती.

नदी उलटी, डोंगराकडं वाहत होती. मला वाटलं वर काही फुटलं. तो म्हणाला, "भरती हाय. समुद्र नदीच्या घरी जाऊन येतो." काठाला तिवरांची झाडं, त्यांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. निवटी नावाचा मासा चिखलावर चक्क चालतो, उड्या मारतो. एका मोठ्या नांगीचा लाल खेकडा ती नांगी हलवून सगळ्यांना बोलावत बसलेला. बगळे, खंड्या, घारी तर किती.

मुखाशी बेटावर अर्नाळ्याचा किल्ला. गुजरातच्या सुलतानानं बांधला, पोर्तुगिजांनी घेतला, मग पेशव्यांनी. चहूकडं खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर, असं होडीवाला सांगत होता. लढाया करणाऱ्यांनीसुद्धा आधी गोडं पाणी कुठं आहे ते विचारलं होतं. मी विचारलं नाही.

"गाय दान केली असेल तर शेपूट धरून वैतरणी पार होते," तो म्हणाला.

"आणि दुसऱ्याचे ड्रम रिकामे केले असतील तर?"

"मग पोहायचं, आजी."

हसले. पण उतरल्यावर कमळीबायच्या दारात शिरताना आधी ड्रमकडंच पाहिलं.

तर जायचं असेल त्यांनी जरूर जा. ज्याच्या घरी उतराल त्याला पहिला प्रश्न पाण्याचा विचारा.

आता घरी आहे. तांब्याभर पाण्याची अंघोळ परत सुरू. हिवाळ्यात कमळीबाय लेकीला आणि बाळाला घेऊन आमचा मुलूख बघायला येणार आहे. करुणानं तिला इकडची पाण्याची तंगी सांगून ठेवलीय. म्हणजे ती आमच्या ड्रमजवळ थांबणार आणि विचारणार, "किती घेऊ?"

तेव्हा मुलानं, सुनेनं, करुणानं, कोणी तोंड उघडायचं न्हाई. उत्तर मी देणार.