लंपीचा हुकूम आणि नानांची सूनबाई

दादा गेल्यापासून आमच्या घरात किस्से साठायला लागलेत. भेटायला येणारा माणूस आधी डोळे पुसतो, मग चहा पितो आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणतो, "एकदा काय झालं, तुझ्या भावानं..." की संपलं! पाच मिनिटांत ओसरीवर सगळे हसायला लागतात. मग कुणाला तरी आठवतं, आपण कशाला आलोय. सगळे परत डोळे पुसायला लागतात. आई तेवढी आत असते. पाच महिने झाले, ती हसलेली नाही.

दादा म्हणजे गणेश. जनावरांच्या दवाखान्याचा डिप्लोमा केलेला. मी नववीत शाळा सोडली, त्यानं सोडली नाही, एवढाच आमच्यात फरक. लंपी आली त्या वर्षी सरकारी दवाखान्यानं त्याला लस टोचायला नेमलं. तो टोचायचा, मी शिंगं धरायचो.

लंपीत गायी-बैलांच्या अंगावर गाठी उठतात. माशा, डास, गोचीड चावून रोग पसरतो. म्हणून कलेक्टरचा हुकूम निघाला. जनावरांचा बाजार बंद. जनावर जिल्ह्याबाहेर न्यायचं नाही, आत आणायचं नाही. गर्दी करायची नाही. प्रत्येकाला लस आणि कानात पिवळा बिल्ला.

दादाच्या वहीत गावातल्या एकेका जनावरापुढं बरोबरची खूण आहे. एकच ओळ कोरी: भानुदास नानांचा हरण्या. नानांच्या बैलजोडीतला दुसरा, सर्जा, लस दिल्यावर चौथ्या दिवशी गेला. रोग आधीच अंगात होता, पण नानांनी ठरवून टाकलं, सुईनंच मारला. त्यानंतर हरण्याला सुई लावू देतील तर ते नाना कसले! दादा मला म्हणायचा, "बारक्या, ही ओळ कोरी राहिली तर हरण्या पण जाईल. आन् शिव्या परत मलाच बसतील."

ती ओळ कोरी ठेवूनच तो गेला. ढोकीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल आदळली. ट्रॉलीला मागं अंधारात चमकणारी लाल पट्टी नव्हती. बैलाच्या कानात बिल्ला नसला तर दादा टेम्पो अडवायचा. त्या ट्रॉलीला कुणीच अडवलं नव्हतं.

जाऊ दे. किस्से सांगायला बसलोय.

*

आमचा धाराशिवचा वाशी तालुका बीड जिल्ह्याला चिकटलेला. आमच्या शिवारातल्या एका मामांचा गोठा आपल्या जिल्ह्यात आणि हौद बीड जिल्ह्यात! मधे फक्त एक बांध. हुकूम निघाल्यावर शेजाऱ्यानं जुना राग काढला आणि तक्रार केली, "यांची गाय रोज दोनदा जिल्हाबंदी मोडते."

दादाला चौकशीला पाठवलं. मामा हात जोडून उभे. "गणेश, पानी पाजायचं का न्हाय मुक्या जनावराला?"

दादानं बांधावर फेऱ्या मारल्या. हुकुमाचा कागद दोनदा वाचला. मग गायीचं दावं हातानं मोजलं आणि म्हणाला, "मामा, दावं एवढंच ठिवा. तोंड बीडला जाऊ द्या, मागचे दोन पाय धाराशिवातच राहिले पायजेत."

शेजारी तणतणला, "आन् पुढचे दोन पाय?"

"ते बांधावर. बांध कुनाच्याच जिल्ह्यात न्हाय!"

*

गोदाकाकू एकट्या राहतात. एक गाय आणि त्या. दादानं त्यांना बजावलं होतं, "काकू, गायीला डास चावू देऊ नका. सांजच्याला लिंबाचा पाला जाळा, धूर करा."

आठवड्यानं काकूच तापानं फणफणल्या. आम्ही त्यांना मोटरसायकलवर मधे बसवून माणसांच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिनं विचारलं, "आजी, घरात मच्छरदाणी नाही का?"

"हाय की. लेकानं पुन्याहून पाठवलीया. चांगली डबल बेडची हाय."

"मग वापरत का नाही?"

"वापरती की!"

"कोण?"

"गाय!"

डॉक्टरीणबाईंनी दादाकडं बघितलं. दादा म्हणाला, "म्याडम, गाय एकदम ठणठणीत हाय."

*

आता नाना. दादा त्यांच्याकडं लस घेऊन गेला की हरण्या गायब! एकदा म्हणाले मळ्यात हाय. एकदा म्हणाले पाव्हण्यांकडं दिलाय. दादा म्हणाला, "पाव्हण्यांकडं दिलाय तर हुकूम मोडला. नोटीस काढू का?" तर म्हणाले, "दिला नव्हता, देनार होतो."

दादा कधी चिडला नाही. प्रत्येक वेळी आधी ओसरीवर बसायचा, नानांचा चहा प्यायचा, मग हरण्याचा विषय काढायचा. चिडायचं काम माझ्याकडं होतं.

त्या दिवशी आम्ही अचानक गेलो. नानांना वेळच मिळाला नाही. त्यांनी हरण्याला सरळ माजघरात घातलं, दार ओढलं आणि ओसरीवर येऊन बसले. चेहरा असा की काही झालंच नाही. चहा आला. दादानं घोट घेतला. आतून आवाज आला, छुम छुम.

नाना म्हणाले, "सूनबाई हाय. पैंजनं घातल्यात."

नानांची सून पुण्याला राहते, हे अख्ख्या गावाला माहीत.

"कधी आली पुन्याहून?" दादानं विचारलं.

"कालच."

परत छुम छुम. मग आत धप्पकन काहीतरी पडलं. ओसरीभर शेणाचा वास. मी उठून दार उघडायलाच निघालो होतो, दादानं माझा शर्ट धरून मला खाली बसवलं. शांतपणे चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि उठता उठता म्हणाला, "नाना, सूनबाईला नमस्कार सांगा. तिच्या कानात बिल्ला न्हाय अजून. तेवढा एकदा मारून घेऊ."

नाना महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

*

पोळ्याला आमच्या गावात पहिला मान नानांच्या बैलांचा. त्यांची जोडी वेशीतल्या तोरणाखालून गेल्याशिवाय दुसऱ्याचा बैल हलत नाही. त्या वर्षी सर्जा गेलेला, आणि वर हुकूम: बैल एकत्र आणायचे नाहीत, घरीच पुजायचे. दवंडी द्यायची वेळ आली तेव्हा ग्रामपंचायतवाल्यांनी दादाला पुढं केलं. गाव त्याच्यावर धावून आलं!

नाना काठी आपटत म्हणाले, "माझ्या बापाच्या बापापासनं मान हाय. तू कोन मोडनार?"

दादा म्हणाला, "नाना, मान मोडायचा न्हाय. हुकूम बैलांना हाय. मानसांना कुठंय?"

आणि मग आमच्या गावानं बैलांशिवाय पोळा काढला! गळ्यात बैलांच्या घुंगरमाळा, अंगावर झुली, कुणी तर कपाळाला बाशिंग पण बांधलं. हलगी वाजायला लागली. नाना हरण्याची झूल पांघरून, घुंगरं वाजवत, मान वर करून तोरणाखालून पहिले गेले. मागं आम्ही सगळे. सगळ्यात मागं लसीची पेटी घेऊन दादा.

घरी गेल्यावर नानांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यांना ओवाळलं आणि अख्खी पुरणपोळी त्यांच्या तोंडात कोंबली.

"आगं, मी हाय!" नाना ओरडले.

"म्हाईत हाय," काकू म्हणाल्या, "बैल आसता तर गपगुमान खाल्ली आसती!"

*

यंदा शेजारच्या गावात परत गाठी निघाल्या. परत हुकूम, परत बाजार बंद. मला झोप लागेना. वहीतली ती कोरी ओळच दिसायची. दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरसाहेबांना म्हणालो, "मला एक बाटली द्या. हरण्याला टोचतो."

साहेब म्हणाले, "त्याला नेमलेला माणूस लागतो. तू कोण?"

"मी भाऊ."

साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. बाटली दिली नाही. मग त्यांची पाठ वळल्यावर मी ती उचलली. खोटं कशाला बोलू.

सरळ नानांच्या गोठ्यात शिरलो. दादाच्या वेळी शिंगं मी धरायचो. आता सुई माझ्या हातात, शिंगं कुणाच्याच हातात नाहीत! हरण्यानं एकदा मागं वळून बघितलं आणि अशी लाथ घातली की मी उकिरड्यात, बाटली भिंतीवर. मी तिथंच शेणात बसून रडायला लागलो. लाथेनं नव्हे.

नाना दारात येऊन उभे राहिले. काठीनं बाटलीच्या काचा बाजूला सारल्या. शेवटी म्हणाले, "तुझा भाऊ निदान आधी च्या तरी प्यायचा!"

*

साहेबांना बाटलीचं कळलं. ओरडले, पण वर तक्रार केली नाही. परवा ते स्वतः लस घेऊन गावात आले आणि आमच्याच दारात लिंबाखाली बसले. दादा तिथंच बसायचा. गर्दी नको म्हणून एका वेळी एकच जनावर. मी शिंगं धरायची आणि झालं की दादाच्या वहीत यंदाची खूण करायची. गोदाकाकूंची गाय आली. मामांची गाय आली, यंदा चारी पाय आपल्याच जिल्ह्यात.

दुपार टळली. सगळ्या खुणा झाल्या. एक ओळ सोडून. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी वहीकडं बघितलं. ते पेटीचं झाकण लावायला लागले.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला आवाज आला. छुम छुम.

आतून आईनं विचारलं, "कोन हाय रं?"

मी वही हातात धरून उठलो. हरण्याला पोळ्याची झूल घातलेली, पायात घुंगरं, शिंगांना तेल. दावं नानांच्या हातात. आमच्या उंबऱ्यापाशी येऊन ते थांबले, घसा खाकरला आणि आत बघून मोठ्यानं म्हणाले,

"गनेशची आई, आधी च्या टाका! सूनबाईला घिऊन आलोय. तिच्या कानात बिल्ला मारायचा राहिलाय म्हनं!"