पानिपत जिंकल्यावरचा खून

विश्रामबागेतल्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल विसरलेल्या पुस्तकाचं नाव आठवायला लावत नाहीत. "ते ऱ्हाऊ द्या. वाचताना काय खात हुता?" असं विचारतात.

"भडंग," मी म्हणालो. "शाळेत असताना इथूनच नेलेली रहस्यकथा. मराठे पानिपत जिंकलेत, दिल्लीत पेशव्यांचा अंमल आहे आणि तिथं एका सरदाराचा खून होतो."

"खुनी कोण?"

"अत्तरवाला. काय शेवट होता!"

ते चक्क लाजले. आतून एक जीर्ण कादंबरी घेऊन आले. शेवटची चार पानं वहीची होती, त्यांच्या अक्षरात लिहून चिकटवलेली. हे मी साफ विसरलो होतो.

"मूळची पानं फाटली हुती. वाचणारे लय चिडायचे. मग मीच लिवली."

"मग खरा खुनी कोण?"

"आवं, मला तरी कुठं ठावं? पर अत्तरवालाच आसंल."