लच्छू, मी आणि मिडल स्कूलची पाचवी

लच्छू आणि मी ओसरीवर बसलो की आमच्या दोघांच्या बायका चहा ठेवतात आणि आत निघून जातात. सगळे किस्से त्यांना पाठ आहेत! पण त्याला आम्ही काय करणार? एक किस्सा निघाला की त्याच्या मागे दुसरा निघतोच. आणि फिरून फिरून गाडी येते ती पाचवीवर.

तेव्हा आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. एक खोली, एक गुरुजी, चार वर्ग. पुढं शिकायचं तर दोन कोस चालत मिडल स्कूल गाठायची. आमचं घर धानाच्या शेतीवालं, त्यामुळे मला सोडायला कुणाची हरकत नव्हती. लच्छूचं घर गोंडांचं, गावाबाहेरच्या टोल्यावरचं, म्हणजे वस्तीवरचं. शेती थोडी, बाकी सगळं जंगलावर. त्याचे वडील चैतूभाऊ यांनी आधीच सांगून टाकलं, "जा म्हणतो तं जाय. पण नापास झाला का त्याच दिवशी वापस. मले घरी हात कमी पडून राह्यले."

म्हणजे लच्छू नापास झाला की मी दोन कोस एकटा. जाताना एकटा, येताना एकटा. लच्छूला शाळेची भीती वाटत होती की नाही ते माहीत नाही, मला मात्र त्याच्या नापास होण्याची भयंकर भीती वाटायची!

*

पहिला दिवस. गावच्या शाळेत आम्ही तरटावर बसायचो, बाक कधी पाहिलेलाच नव्हता. वर्गात सगळ्यांच्या आधी पोचलो. समोर एक उंच लाकडी फळी, तिच्या मागे एक बुटकी. आम्ही रुबाबात उंच फळीवर बसलो आणि पाय बुटकीवर सोडले. अगदी ऐसपैस!

गुरुजी आले आणि दारातच थांबले. "काय रे, धानाची राखण करायला मचाणावर बसलात का? खाली बसा!"

लच्छूनं खाली नीट वाकून पाहिलं आणि म्हणाला, "खाली तं पाय ठेवाची जागा हाये, गुरुजी!"

*

त्याच दिवशी कळलं की पाचवीचे दोन वर्ग आहेत. मी 'अ' मध्ये, लच्छू 'ब' मध्ये. माझा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी लच्छू सरळ माझ्या शेजारी येऊन बसला. तिसऱ्या दिवशीही. आमच्या गुरुजींना वाटलं, असेल आपलाच. तिकडे 'ब' मध्ये मात्र रोज गैरहजेरी लागत होती.

आठव्या दिवशी हेडमास्तर आले. हे वर्ध्याकडचे, उंच, धोतर-कोटातले, नियमाचे पक्के. "लच्छू मडावी कुठे आहे?"

मी घाबरून उभा राहिलो. खोटं बोलता येईना, खरं सांगवेना. तोंडातून निघालं, "सर, तो आमच्या वर्गात पाहुणा आला हाये."

"पाहुणा आठ दिवस राहतो का रे?"

लच्छू उठला. "आमच्या गावात राह्यते, सर!"

हेडमास्तर मिशीवरून हात फिरवत निघून गेले. दुसऱ्या दिवशी लच्छूचं नाव 'अ' च्या हजेरीत आलं.

*

मधल्या सुट्टीत शाळेच्या गावातली पोरं पितळी डब्यातून पोळी-भाजी खायची. लच्छू भोपळ्याच्या वाळलेल्या तुंब्यातून आंबील आणायचा आणि मी त्यात वाटेकरी. पोरं हसायची. त्यातला एक कारकुनाचा मुलगा जास्तच हसायचा. लच्छू शांतपणे म्हणाला, "पिऊन तं पाह्य." उन्हातून आलेला पोरगा, आंबील थंडगार! त्यानं अर्धा तुंबा संपवला.

पंधरा दिवसांनी त्याची आई शाळेच्या फाटकाशी उभी. आम्हाला वाटलं, आता बोलणी बसणार. बाईंनी लच्छूला हाक मारली. "बाळा, असा तुंबा कुठी भेटते? आमचा पोट्टा पोळीले हातच नाई लावून राह्यला!"

*

इंग्रजीचे मास्तर तापट. त्यांची छडी मोडली. जंगलातलं पोरगं म्हणून लच्छूलाच फर्मान निघालं, "उद्या चांगली छडी आण." लच्छूनं आणली. सरळ, गुळगुळीत, सोलून पांढरी केलेली. मास्तर खूश! पहिलाच प्रश्न लच्छूला विचारला. उत्तर आलं नाही. छडी उगारली, हातावर पडली आणि तिचे तीन तुकडे झाले. शेवग्याची होती!

"एवढं जंगल आहे आणि तुला शेवगाच सापडला?"

"सर," लच्छू हात चोळत म्हणाला, "चांगली आणली असती तं पह्यला मार मलेच होता ना!"

*

असं हसत-खेळत वर्ष सरलं आणि वार्षिक परीक्षा आली. ती आली नेमकी मोहफुलांच्या दिवसात. मोहाची फुलं पहाटे गळतात. उजाडताच वेचली नाहीत तर गुरं खाऊन जातात. टोल्यावर ज्याचं झाड त्यानं वेचायचं, आणि त्या वर्षी लच्छूची आई आजारी होती. मराठीच्या पेपरला लच्छू आलाच नाही. शेजारची जागा रिकामी. मी पेपर लिहिला, पण काय लिहिलं ते देवाला ठाऊक. सुटल्यावर हेडमास्तरांनी विचारलं आणि मी सगळं रडत रडत सांगितलं.

"एक पेपर चुकला की नापास," ते म्हणाले. "नियम आहे."

दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. लच्छूचं वेचणं लवकर उरकावं म्हणून मी अंधारातच त्याच्या झाडाखाली गेलो. थोडं उजाडलं आणि पाहतो तर पायवाटेनं हेडमास्तरांची सायकल!

"चैतूभाऊ, मुलाला आत्ता पाठवा. काल चुकला, आज तरी चुकू नये."

"टोपल्या भरल्या का पाठवतो, गुरुजी. फुलं काई थांबत नाईत."

हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं. मग कोट काढून फांदीला अडकवला, धोतर खोचलं, एक टोपली ओढली आणि वेचायला बसले! आम्ही दोघं तोंडात बोट घालून पाहत राहिलो.

टोपल्या भरल्या. चैतूभाऊंनी एकेक तपासली. लच्छूची ठीक. माझीही ठीक. हेडमास्तरांच्या टोपलीत हात घातला तर मूठभर पाला, काड्या आणि माती.

"गुरुजी, तुमी नापास!"

हेडमास्तर कपाळ पुसत उभे राहिले. "पहिलीच वेळ आहे हो माझी."

"असू द्या," चैतूभाऊ म्हणाले. "तुमाले मी उद्या पुन्हा बसू देतो. तुमी याले कालच्या पेपराले पुन्हा बसू द्या."

हेडमास्तरांनी कोट घातला, लच्छूला पुढच्या दांडीवर बसवलं, मला मागे, आणि सायकल शाळेकडे हाणली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही झाडाखाली पोचलो तर हेडमास्तर आमच्या आधी हजर. टोपली या वेळी घरची आणली होती!